सोयरिकीची दारू

स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. चुलीवर भात ठेवला की मी दहा वेळा झाकण काढून बघायची. आई म्हणायची, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, आमच्याकडं नवरीच उतावळी निघाली.

माथेरानच्या पायथ्याला आमची वाडी. तिथं सोयरीक ठरायची ती मुलीच्या घरच्या मोहाच्या दारूवर. मुलाकडचा सगळ्यांत म्हातारा माणूस आधी चव घेणार, पसंत पडली तरच शब्द देणार. आईच्या हातची दारू पंचक्रोशीत नावाजलेली. पण त्या वर्षी तिचा हात भाजला आणि माझ्या सोयरिकीची दारू मलाच गाळावी लागली. मुलगा माथेरानला हातरिक्षा ओढायचा. मी त्याला लांबून एकदाच पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता, आता लपवून काय करायचं? दारू नापास झाली तर तो हातचा जाईल, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मोहाची फुलं मडक्यात भिजत घातली. आतली फसफस थांबेपर्यंत हात लावायचा नसतो. मी दिवसातून चारदा मडक्याला कान लावायची. फसफस थांबली तशी ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीआड भट्टी लावली. दारूबंदीचे दिवस होते, धूर दिसला की पोलीस यायचे. पहिली धार सगळ्यांत कडक, मागून येते ती पाणचट. दोन्ही एकत्र करून पाजायची, हे आईनं शंभरदा सांगितलं होतं. पण म्हातारा पाणचट म्हणाला तर? या धास्तीनं मी मागची सगळी ओढ्यात ओतली आणि नुसत्या पहिल्या धारेच्या बाटल्या भरल्या. आईला काही बोलले नाही.

सकाळी पाहुणे आले. म्हाताऱ्यानं बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहिलं, थेंब तळहातावर चोळून हुंगला, मग थोडी चुलीत फेकली. भडका छपराकडे गेला. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. पण शब्द द्यायच्या आधी पेला सगळ्यांत फिरायचा असतो. दोन फेऱ्या झाल्या आणि ऊन डोक्यावर यायच्या आत सगळे पाहुणे आंब्याखाली आडवे. शब्द राहिलाच.

आई माझ्याकडं बघून दात-ओठ खात होती. मी घरातून अंगणात, अंगणातून घरात येरझारा घालत होते. जागा होता तो एकटा मुलगा. म्हाताऱ्याच्या तोंडावर ऊन आलं तसं मुलानं त्याला उचलून सावलीत सरकवलं. पेल्याला त्यानं ओठसुद्धा लावला नव्हता. मी तणतणत विचारलं, माझी दारू चालत नाही का तुला? तो म्हणाला, माथेरानच्या हॉटेलात साहेब लोक बियरचा ग्लास उजेडात धरून रंग बघतात, फेस बघतात, कडू किती ते एकमेकांना सांगतात; या परीक्षा बघून मला कंटाळा आलाय. मग हळूच म्हणाला,

"माजा बा पिऊन घाटात पडला गं. तुज्या हातची चांगली आसंल, पन मला घरात नको हाय."

मला आधी रागच आला. इतके दिवस जीव टांगणीला लावून गाळलेली दारू, आणि हा असं म्हणतो. पण माझी येरझार तिथंच थांबली.

ऊन कललं तसा म्हातारा उठून बसला. म्हणाला, अशी दारू उभ्या जन्मात प्यालो नाही, पोरगी आमची झाली. आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, लग्नातही हीच गाळशील ना?

आईनं डोळ्यांनीच हो म्हणायला सांगितलं. मी मुलाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

"नाय आजा," मी म्हणाले. "माज्या हातची ही शेवटची."

म्हाताऱ्यानं रिकामा पेला पुढं केला.

"मंग उरलीय ती आन. शब्द दिला तो दिला."

मी उरलेली सगळी त्याच्या पेल्यात ओतली. आई उठून घरात गेली. तिची विद्या मी पाहुण्यांसमोर नाकारली होती, आणि लग्न लागेपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही.