नुसतं द्रावक

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीताई म्हणत. बावीस वर्षं ती कर्करोगाच्या पेशी वाढवत होती. वाढवायचं हिने आणि मारायचं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या औषधाने, अशी वाटणी. औषधाचं काम सांगायला सोपं. पेशीतला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा असतो तसा. एक एन्झाइम तो नको तिथे घट्ट आवळतं आणि पेशीला आवर घालणारी जनुकं मिटून बसतात. त्या एन्झाइमला अडवलं की झालं. कागदावर तर नेहमीच झालेलं असतं.

महिन्यापूर्वी मात्र खरंच झालं. औषध घातलेल्या पेशी मेल्या, बिनऔषधाच्या जगल्या. त्या आनंदात ताई घरी बोलून गेली, "अक्का, लागू पडलं गं."

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तिला रक्ताचा कर्करोग होता आणि इंजेक्शनांच्या दोन फेऱ्यांनी ती पार पिळून निघाली होती. तिसऱ्या फेरीला तिने चक्क नकार दिला. "तुझंच औषध घेईन की. थांबते थोडे दिवस."

औषध माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, हे ताईने तिला सांगितलं, पण पुटपुटत. आपलं काम कुणाला तरी हवंय, हे बावीस वर्षांत पहिल्यांदाच कानावर आलं होतं.

या सोमवारी प्रयोग पुन्हा लावायचा म्हणून तिने जुनी वही उघडली आणि एका रकान्यावर तिचं बोट थांबलं. औषध पाण्यात विरघळत नाही, त्याला द्रावक लागतं. म्हणून बिनऔषधाच्या पेशींनाही तेवढंच नुसतं द्रावक द्यायचं असतं, म्हणजे पेशी औषधाने मेल्या की द्रावकाने, हे कळतं. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण त्या आठवड्यात दवाखान्याच्या खेपांनी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. द्रावकाच्या रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'काही नाही'.

तिने सगळं पुन्हा लावलं. गुरुवारी पाहिलं, तर नुसत्या द्रावकातल्या पेशीही तशाच मेल्या होत्या. औषधाने काही केलंच नव्हतं.

"ताई, तुम्ही?" सर एवढंच म्हणाले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी अक्का पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ताईने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "चूक माझी होती. औषध लागू पडत नाही. पडलं असतं तरी तुझ्यापर्यंत आलं नसतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं."

अक्काने हातातली घडी पुरी केली. "मलाही माहीत होतं गं. इंजेक्शन नको होतं, म्हणून तुझं नाव पुढे केलं."

"महिना फुकट गेला, अक्का."

"फुकट कसला? दोन घास पोटात राहिले, झोप लागली." तिने घड्यांचा ढीग बाजूला सारला. "उद्या रजा टाक आणि इंजेक्शनाला चल माझ्याबरोबर. एकटीने जाववत नाही मला."