मधल्या मापाची सायकल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. प्रतिभा गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तिच्याबद्दल भरभरून बोलले. मीही उठून चार वाक्यं बोललो – पण हे नाही बोललो. आज तुम्हाला सांगतो. जरा थांबत थांबत सांगेन. मला तसंच जमतं.

प्रतिभा माझी बायको. जालन्याकडच्या टेंभुर्णीला शाळेत खेळाची शिक्षिका होती, मी कॉलेजात ग्रंथपाल. गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत ती गेली. सायकलचा त्यात काही संबंध नाही. लोक विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

चाळिशी ओलांडल्यावर तिच्या मनात डोंगरातल्या सायकल शर्यतीत उतरायचं आलं. जुन्या सायकलला फक्त पुढे शॉकअप होता; पांदणीच्या, म्हणजे शेतांमधल्या वाटेच्या, दगडांनी तिची कंबर धरायची. नवीन सायकल तिच्या पैशांची, पण निवड तिनं माझ्यावर सोडली. वाचायचं काम माझं, चालवायचं तिचं, असं आमचं ठरलं. मी दोन महिने वाचत होतो. मागेही शॉकअप असला की सायकल थोडी जड होते, पण मागचं चाक जमीन सोडत नाही आणि तासाभरानंतरही अंगात ताकद उरते. शॉकअप शंभर मिलिमीटर दबणारा घ्यावा की एकशेवीस? शर्यतीला शंभर पुरतो, पण तिला रोज रानातून हिंडायचंही होतं – म्हणून एकशेवीस. चढावर तो बंद करायची कळ हँडलवरच हवी, म्हणजे हात सोडायला नको. हे सगळं मी बरोबर निवडलं. आजही त्यात चूक सापडत नाही.

मग चूक कुठे? मापात.

दुकानाच्या फॉर्मवर पायाच्या आतल्या बाजूची लांबी लिहायची होती. त्यासाठी भिंतीला टेकून उभं राहायचं, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वरपर्यंत धरायचं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. मी कपाटातून शब्दकोश काढला. ती हसत उभी राहिली. म्हणाली, "सर, एवढं बारीक माप तर टेलरबी घेत न्हाई." आम्ही एकाच संस्थेत लागलो तेव्हापासून ती मला सर म्हणायची, घरातसुद्धा.

तिचं माप लहान फ्रेमचं निघालं. ती चहा ठेवायला आत गेली. मी त्याच शब्दकोशानं स्वतःचं माप घेतलं – मधल्या फ्रेमचं. आणि फॉर्मवर ते लिहिलं.

का? दोन महिने वाचता वाचता मलाच ती सायकल हवीशी झाली होती. एवढंच. पण आयुष्यभर मी खेळणाऱ्यांकडे बघून हसत आलो होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी मलाही बसावंसं वाटतं, हे कोणत्या तोंडानं सांगू? सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्याच दिवशी मला मैदानावर नेलं असतं. तेच नको होतं. गाव बघेल, पोरं बघतील. मला वाटलं, सायकल घरात तर येऊ दे. मग कधीतरी, कुणी नसताना.

सायकल आली. ती रोज पहाटे जाफराबादच्या बाजूच्या टेकड्यांवर जायची आणि आल्यावर मला सगळं सांगायची – कोणत्या नाल्यात मोर होता, कुठल्या वस्तीवर धनगरांची कुत्री मागे लागली, मागचं चाक दगडावर कसं अलगद चढलं. मी माझा तालुका तिच्या तोंडून पाहिला. त्यासाठी मी तिचा किती ऋणी आहे, ते मला नीट सांगतासुद्धा येत नाही. मोठ्या सायकलवर हात ताणले जाऊन तिच्या तळहातांना मुंग्या यायच्या. मी तेल चोळून द्यायचो. काय चोळतोय, हे मला माहीत होतं.

शर्यतीत ती तिसरी चालली होती. शेवटच्या खडकाळ उतारावर जरा थांबून तोल सावरावा लागतो. तिथे तिचा पाय जमिनीला पोचेना. उतरून सायकल हातानं खाली न्यावी लागली, तेवढ्यात दोघी पुढे गेल्या. बक्षीस तिघींनाच होतं. मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे पाण्याची बाटली घेऊन उभा. ती धुळीनं माखलेली आली आणि म्हणाली, "माझेच पाय आखूड पडले, सर. सायकलीचं काही न्हाई." शाळा-कॉलेजच्या एकाच स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांना सांगायची, सायकल आमच्या सरांनी निवडली. मी मान खाली घालून ऐकायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी सायकल जालना शहरात, नवीन जालना भागात नेली. ज्या मिस्त्रीनं ती जोडली होती, त्याच्याकडे. शॉकअपमधली हवा कमी झाली होती. त्यानं सायकलवरून हात फिरवला. मग म्हणाला, "डबा खोलला त्याच दिवशी मी मॅडमला बोल्लो होतो, सर. एक नंबर मोठी आली, वापस पाठवतो. मॅडम म्हन्ल्या, न्हाई, राहू द्या. आमच्या सरांच्या मापाची हाये. ते बोलायचे न्हाईत, पन बसतील एखाद दिवशी."

मला हे माहीतच असेल, असं त्याला वाटत होतं. तिच्यासाठी सीट किती पुढे घेतली, हँडल फ्रेमला जोडणारा आखूड तुकडा कसा बसवला, तेही तो दाखवत राहिला.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. तरी चार वर्षं ती माझ्या मापाची सायकल चालवत राहिली, एकदाही विचारलं नाही, आणि मी बसण्याची वाट बघत राहिली. मी बसलो नाही. घरात कुणी नसायचं तेव्हाही नाही. एक शब्द बोललो असतो, तर तिच्या मापाची दुसरी आली असती. मी तो बोललो नाही.

मिस्त्रीनं विचारलं, काय करू? मी म्हणालो, माझ्यासाठी लावा. त्यानं आखूड तुकडा काढून मूळचा बसवला, सीट मागे घेऊन चार बोटं वर केली आणि मला दुकानासमोर बसवलं. रिक्षा, मोटारसायकली बाजूनं जात होत्या. पाय जमिनीला टेकले, हात हँडलवर सरळ गेले.

सायकल मला अगदी बरोबर आली.