विषुववृत्तावरचं मुंडण

"माझो झील त्या रेषेच्या पलीकडे जावचो नाय! बापूस जितो आसा अजून!"

शेजारच्या वहिनींचा आवाज असा चढला, की भोईवाड्यातली सगळी कबुतरं उठून थेट अँटॉप हिलला जाऊन बसली असतील. मी दाराआड चहाचा कप धरून उभा. त्या ओरडत होत्या मुलावर, पण ती रेषा त्यांच्या घरात मी नेऊन सोडली होती.

मुलगा खलाशाचा कोर्स करून कितीतरी महिने बोलावण्याची वाट बघत होता. शेवटी डर्बनला जाणारी बोट मिळाली. आदल्या संध्याकाळी गॅलरीत त्याने मला विचारलं, "काका, विषुववृत्त ओलांडताना काय होतं?"

मला विचारायचं कारण म्हणजे अख्ख्या चाळीत दर्यावर्दी मी एकटाच. खरं तर मी फोर्टातल्या एका जहाज कंपनीत कारकून होतो आणि खिडकीतून मला समुद्र दिसायचा तो दोन इमारतींमधून, तोही बशीएवढा. पण ऑफिसात हा शब्द रोज कानावर पडे. बोट विषुववृत्ताच्या वर आहे की खाली, एवढंच तिथे त्याचं काम. चाळीत आणून मी त्याला जुंपला. मे महिन्यात आमची पत्र्याखालची खोली विषुववृत्तीय, वहिनींचं बांगड्याचं तिखलं विषुववृत्तीय. पुढे पुढे मजल्यावरची पोरंसुद्धा घाम पुसत तेच म्हणू लागली.

तर सुरुवात मी प्रामाणिकपणे केली. विषुव म्हणजे दिवस आणि रात्र सारखे होण्याची वेळ, वृत्त म्हणजे वर्तुळ. पृथ्वीच्या कमरेचा करगोटाच म्हण, फक्त कुणाला न दिसणारा. पोरगा मान डोलावत होता. तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? बोट त्या रेषेवरून जाते तेव्हा स्पीडब्रेकरसारखी उडते, म्हटलं. होकायंत्राची सुई फुगडी घालते. सूर्य असा डोक्यावर येतो, की सावली वितळून बुटात उतरते.

"आणि पहिल्यांदा ओलांडणाऱ्याचं मुंडण करतात. खाऱ्या पाण्याने आंघोळ घालून सर्टिफिकेट देतात."

एवढं मात्र खरं होतं. काही बोटींवर ही गंमत चालते, ऑफिसात मी फोटो पाहिले होते.

उंबऱ्यात तांदूळ निवडणाऱ्या वहिनींचा हात थांबला. "डोक्याचो गोटो करतत?"

"तुळतुळीत! मिशीसकट!"

मिशी माझी. म्हणजे ती मी जोडली, हशासाठी. आमच्यात मुलाचं डोकं आणि मिशी कधी जाते हे मला कुणी सांगायला नको. वडील गेले तेव्हा माझी दोन्ही गेली होती. वहिनींच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, ते आत खाटेवर पडून आमचं बोलणं ऐकत होते. हे सगळं ठाऊक असूनही मी मिशी जोडली.

कप खाली ठेवून मी त्यांच्या दारात गेलो. "वहिनी, मी थापा मारल्या."

"बोट उडता ती?"

"थाप."

"सावली?"

"तीही थाप."

"आणि मुंडण?"

"ते… तेसुद्धा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "भावजी, हयसर तुमचो आवाज बारीक झालो. पयल्या दोन थापा तुमी केवढ्यान कबूल केल्यात! म्हणजे मुंडण खराच आसा."

आतून यजमान हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अगो, मी खंय मरतंय? जावंदे त्येका." आणि त्याच वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मुलगा भांडला असता तर जिंकला असता. तो वडिलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मग भरलेली बॅग पायाने खाटेखाली सारून, बोटीवर येत नाही असं कळवायला त्याने फोन लावला.

परवा पोरगा नाक्यावर दिसला. आता पार्सलं पोचवतो. यजमान ठणठणीत आहेत, सकाळी भाजी आणायला जातात. पोराच्या डोक्यावर दाट, तेल लावून बसवलेले केस. मी नजर खाली घालून म्हटलं, "अरे, मी बोलू का कंपनीत? आमचे जुने साहेब आहेत अजून. तुझी ती जागा…"

त्याने पार्सलावरचा पत्ता वाचता वाचता सांगितलं, "त्या जागेवर दुसरा गेला, काका."