मला वाटलं, दुःखच आहे

नवरा गेल्यावर दोन महिने मी रडले नाही. शेतात त्याच्या छातीत कळ आली आणि घरी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. माणसं आली, गेली, दिवसकार्य झालं. लोकांचे ब्लाउज पडून होते म्हणून मी शिलाई मशीनवरचं कापड काढलं आणि कामाला बसले. आत काही हलत नव्हतं.

मला आठ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. नवरा कुळगीच्या जंगलातल्या पर्यटकांच्या कॅम्पात स्वयंपाक करायचा. सकाळी निघण्याआधी घरची भाकरीही तोच भाजायचा, आणि ताट माझ्यासमोर ठेवल्याशिवाय गोळी हातात द्यायचा नाही. तो गेल्यावर गोळी मी नेमानं घेत राहिले. ती घोटभर पाण्याबरोबर जाते. भाकरीसाठी पीठ मळा, चूल पेटवा, तेही एकटीसाठी. ते होत नव्हतं. बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि मशीनवर बसायचं, एवढंच.

अकराच्या सुमारास मला काहीतरी व्हायला लागलं. थंडीचे दिवस, अंगावर स्वेटर, तरी मानेमागे घाम फुटायचा. सुईत दोरा ओवताना बोटं थरथरायची. छाती धडधडायची, ओठांभोवती मुंग्या येऊन ते बधिर व्हायचे. मला वाटलं, दुःखच आहे. डोळ्यांतून बाहेर पडेना, म्हणून अंगातून पडतंय. खरं सांगायचं तर मला त्यानं थोडं बरंही वाटायचं.

एकदा एका बाईच्या ब्लाउजला मी बाह्या उलट्या लावल्या. तिनं हळूच दाखवलं, तर मी तिच्यावर ओरडले. असं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. ती रागावली नाही. बाहेर जाऊन इतर बायकांना म्हणाली, "मनाला लागलंय तिच्या. काय बोलू नका." मग सगळ्यांनीच मला सांभाळून घेतलं. कुणी विचारलं नाही, सकाळी काय खाल्लंस?

धाकटी नणंद रामनगरला दिलेली. एके दिवशी ती बसनं आली, ते मला पुसटसं आठवतं. बाकीचं तिनं नंतर सांगितलं. मी मशीनवर बसून पाय मारत होते. सुईत दोरा नव्हता आणि सुईखाली कापडही नव्हतं.

"वैनी, जेवलीस काय?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"वैनी, मी कोण हाय? सांग बघू."

ती कोण ते मला माहीत होतं, पण शब्द सापडेना. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. तो घामानं ओला झाला. तिची सासू साखरेसाठी इंजेक्शन घेते, त्यामुळे हे तिनं घरात पाहिलेलं. आधी तिनं मला साध्या पाण्याचा एक घोट दिला, गिळता येतंय का ते पाहिलं, आणि मग चार चमचे साखर ढवळलेल्या पाण्याचा पेला तोंडाला लावला. मी दात आवळून धरले.

"मला गोड चालत न्हाई," मी म्हणाले. आठ वर्षं पाठ केलेलं तेवढंच वाक्य शिल्लक होतं.

"आज चालतंय. पी म्हणते न्हवं!"

मी पेला ढकलला, अर्धा तिच्या साडीवर सांडला. तिनं दुसरा केला आणि माझी मान धरून घोट घोट पाजला. मग घड्याळ बघत शेजारी बसून राहिली. पंधराएक मिनिटांनी मला भिंत दिसली, तिची भिजलेली साडी दिसली.

"तू कधी आलीस?" मी विचारलं.

ती उठून चुलीकडे गेली आणि तिथं तोंड फिरवून रडली. नंतर तिनं मला भात आणि आमटी खायला घातली, आणि शेजाऱ्याची जीप सांगून दवाखान्यात नेलं.

तिथं संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दुपारी साखर पुन्हा उतरली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ही गोळी दिवसभर काम करत राहते, तुम्ही जेवलात की नाही ते तिला कळत नाही. साखर सत्तरच्या खाली आली की घाम, थरथर, धडधड. आणखी खाली गेली की चिडचिड, गोंधळ, मग शुद्धही जाते. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. त्यांनी गोळी कमी केली.

"मला वाटलं दुःखानं होतंय," मी म्हणाले.

"असेलही दुःख," त्या म्हणाल्या. "पण असं झालं की आधी साखर खायची. मग दुःख आहे का ते बघायचं."

मला वाटलं होतं, आता साखर वर आली की बाकीचंही परत येईल, रडू येईल. तसं झालं नाही. नणंद आठ दिवस राहिली. रोज गोळीआधी माझ्यासमोर बसून मला जेवायला लावायची. नवव्या दिवशी मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. बस वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी होते. काहीच वाटत नव्हतं. मी तळवे उघडून पाहिले. ते कोरडे होते, बोटं स्थिर होती. म्हणजे हे ते दुसरं होतं, दुःख, ज्यावर साखरपाणी चालत नाही.

साडेदहा वाजायला आले होते. घरी येऊन मी पीठ काढलं.