दोन्हीकडची लाइट एकदम जायची

नोकरीत हाताखालून गेलेल्या बऱ्याच केसेस आता आठवणीत एकमेकींत मिसळल्या आहेत. परळीच्या त्या मुलीची केस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. नावं लिहीत नाही. ती मुलगी आता स्वतः आई झाली आहे.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. घरी कॉम्प्युटर फारच थोड्यांकडे. परळीत दोन इंटरनेट कॅफे निघाले होते. निकाल, फॉर्म, प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिका यांसाठी कॉलेजची मुलं तिथं गर्दी करायची. मी त्या वेळी परळीला सहायक पोलीस निरीक्षक होतो.

एके दिवशी दुपारी पुण्याच्या वाटेवरच्या मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याचा ठाण्यात फोन आला. परळीच्या वीजकेंद्रातून राख नेणाऱ्या ट्रकांच्या भानगडींमुळे त्याच्याकडे आमचा नंबर होता.

"साहेब, एक कॉलेजातली पोरगी सकाळधरनं बाकड्यावर बसली हाय. परळीची हाय म्हणती. एकटीच हाय. चहासुदिक घेत न्हाई."

"आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"मीच बसलोय की समोर. गल्ल्यावर भावाला बसवलंय. हितं ट्रकवाले लई येतात, म्हणलं कुणी न्यायला येईस्तोवर आपण उठायचं न्हाई."

मी आमच्या महिला हवालदार बाईंना घेऊन निघालो. मुलगी बारावीतली, सायन्सची. कुणीतरी बोलावलं म्हणून आले, एवढंच ती वाटेत बोलली. तिचे वडील बाजारपेठेतले दुकानदार, घरातले सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांना आम्ही निरोप धाडला होताच. आम्ही परतलो तेव्हा ते ठाण्याच्या पायरीवर बसून होते.

"साहेब, उपकार झाले," ते म्हणाले. "आता मिटलं हे. कागदावर काय लिहू नका. उद्यापासून हिचं कॉलेज बंद. सोयरीक बघून ठेवलेलीच हाय, उरकून टाकतो."

"अप्पा, तिला तिथं बोलावणारा माणूस अजून मोकळा आहे. आज तुमची मुलगी, उद्या दुसऱ्याची."

"दुसऱ्याचं दुसरा बघंल. आमच्या घरचं आमी बघतो."

मी त्यांच्याकडे थोडे दिवस मागितले. तोवर कॉलेज बंद करायचं नाही आणि सोयरीकही पुढे न्यायची नाही. माणूस सापडला नाही तर त्यांनी त्यांच्या मनासारखं करावं. ते नाखुशीने हो म्हणाले. म्हणजे त्या मुलीचं पुढचं शिक्षण आता आमच्या तपासावर टांगलेलं होतं, आणि तिला ते माहीत होतं.

माझा अनुभव असा, की ठाण्यात बसवलेली मुलगी खरं बोलत नाही. खरं बोलावं असं ठाण्यात काही नसतंच. म्हणून हवालदार बाईंनी तिला आपल्या क्वार्टरवर जेवायला नेलं. अप्पांना मी बाहेर माझ्याजवळ थांबवून घेतलं.

"खा आधी," बाई तिला म्हणाल्या. "रडायचं असंल तर जेवल्यावर रड. उपाशी रडलं की डोकं दुखतं."

हळूहळू हकीकत बाहेर आली. कॅफेत चॅटिंगवर एकजण भेटला. पुण्याला मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर राहतो म्हणाला. जीवशास्त्राच्या नोट्स पाठवल्या, आणि त्या खरोखर चांगल्या होत्या. मग घरचं विचारू लागला. कोण रागीट, कोण प्रेमळ, अप्पा दुकानातून घरी कधी येतात. मग म्हणाला, नोट्सचा पूर्ण गठ्ठा द्यायचा आहे, मांजरसुंब्याला ये. ती नाही म्हणाली. तेव्हा त्याने लिहिलं, ये, नाहीतर तुझ्या वडिलांना सांगतो की तू कॅफेत पोरांशी बोलतेस.

तिला आलेली ती चिठ्ठीवजा बोलणी कुठून, कुणी पाठवली, हे शोधायचं तंत्र त्या काळी जिल्ह्यात आम्हां कुणाला येत नव्हतं. मी जुन्या पद्धतीने चाललो. बाईंना सांगितलं, तो काय बोलायचा ते राहू द्या, तो कधी गप्प व्हायचा ते विचारा.

दुसऱ्या दिवशी बाई हसतच आल्या. "साहेब, पोरगी म्हणती, हितली लाइट जायची तवा त्याची बी जायची. परत आली की तो बी येऊन म्हणायचा, अगं, इथं पण गेलती."

"तिला नवल नाही वाटलं?"

"म्हणती, लाइट काय सगळीकडंच जाती की."

परळीत वीज तयार होते आणि परळीतच लाइट जाते, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. मुलगी जायची त्या कॅफेच्या गल्लीचं भारनियमन वेगळ्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवर होतं. दुसरा कॅफे बाजाराच्या फीडरवर. एकीकडे सकाळी जायची, तेव्हा दुसरीकडे असायची. मी वीज कार्यालयात जाऊन वेळा ताडून पाहिल्या. एकदा तर त्या गल्लीत तार तुटून अवेळीच अंधार झाला होता, आणि त्या दिवशीही लाइट परत आल्यावर हा पुण्याचा डॉक्टर म्हणाला होता, इथं पण गेलती. पुण्यातलं होस्टेल आमच्या गल्लीतल्या तारेवर चालत नाही. माणूस त्याच कॅफेत बसत होता.

कॅफे लहानच. एका भिंतीला मुलांचे कॉम्प्युटर, कोपऱ्यात लेडीज केबिन आणि तिला जाड पडदा. हा पडदा पालकांनीच मागणी करून लावून घेतला होता. अप्पाही त्यात होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपली मुलगी दिसू नये एवढाच त्यांचा हेतू. समोरच्या स्क्रीनवर तिला कोण गाठतो, हेही पडद्यामुळे कुणाला दिसत नव्हतं.

मुलीने धीर केला. बाई साध्या साडीत तिच्याबरोबर आत बसल्या. मी निकालाची प्रिंट काढायला आलेल्या पालकासारखा बाहेरच्या बाकावर बसलो. ठरल्याप्रमाणे मुलीने लिहिलं, "मी आलते, तू कावून आला नाहीस?" बाईंनी पडद्याखालून पाय पुढे काढला, ती निरोप गेल्याची आमची खूण. मुलं दोघंच होती, एकजण गेम खेळत होता, दुसरा पेंगत होता. टाइप करत होता तो फक्त काउंटरवरचा ऑपरेटर.

त्याच्याकडे आजवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण टाइप करणं हेच त्याचं काम. मी उठून काउंटरच्या मागे गेलो. स्क्रीनवर त्याचं अर्धं उत्तर तसंच होतं.

"काय साहेब, प्रिंट पाहिजे का?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "ह्याचीच काढ."

पंचनामा झाला. आमचे जमादार मॉनिटर फडक्यात बांधून निघाले आणि सगळी माहिती साठवलेला टेबलाखालचा डबा तिथंच राहिला. मी हाक मारली तेव्हा म्हणाले, "साहेब, दिसतं तर सगळं टीव्हीतच की!" मग डबाही घेतला, सील केला.

ऑपरेटर मुलगा पदवीधर, बोलायला गोड. गावातली मुलं त्याला दादा म्हणायची. सगळ्यांचे मेल आयडी त्यानेच काढून दिले होते, पासवर्डही त्यानेच ठेवले होते. त्यामुळे कुणाची मेल वाचायला त्याला अडचण नव्हती. त्या दिवशी तो मोटारसायकलवर मांजरसुंब्याला गेलाही होता. ढाबेवाला मुलीसमोर ठाण मांडून बसलेला पाहून परत फिरला. त्याला विचारायला बसलो तेव्हा मी अप्पांना मुद्दाम शेजारी बसवून घेतलं होतं.

"तिचं काय होतं तुझ्याकडं? फोटो? पत्र?"

"काहीच नव्हतं, साहेब."

"मग ती आली कशी?"

"वडिलांना सांगतो म्हणलं. तेवढ्यावर आली."

अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, त्याच्या अंगावर जातात. ते त्याला म्हणाले, "लेका, मीच तुला म्हणलतो, पोरीवर जरा लक्ष ठेव." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी मला विचारलं, "साहेब, मला आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

"तुम्हीच सांगा."

"कॉलेज बंद केलं असतं," ते म्हणाले. "तिला ठाऊक होतं. अन् त्यालाबी."

गुन्हा दाखल झाला, मुलीने न्यायालयात न डगमगता साक्ष दिली, त्याला शिक्षा लागली. सोयरीक अप्पांनी परत पाठवली. कॅफेच्या मालकाने पडदा काढला आणि सगळे स्क्रीन दाराकडे तोंड करून मांडले. पासवर्ड ज्याचा त्याने ठेवायचा, हे आम्ही कॉलेजात जाऊन सांगितलं. हे उपाय चांगलेच, आजही करावेत. पण त्या माणसाच्या हातात कॉम्प्युटरपेक्षा मोठं हत्यार होतं, आणि ते त्याला त्या मुलीच्या घरातून मिळालं होतं. मुलीला बाहेरच्या अनोळखी माणसापेक्षा घरच्याची भीती जास्त वाटली, की ती त्या अनोळखी माणसाचं ऐकते. यानंतर असं कोणतंही प्रकरण आलं, की मी आधी आई-वडिलांना विचारत असे, पोरानं चूक सांगितली तर तुम्ही पहिलं काय कराल?

परीक्षेच्या आधी एकदा त्या गल्लीतून गस्तीवर जात होतो. मुलगी कॅफेत स्क्रीनवर प्रश्नपत्रिका सोडवत होती आणि शेजारी स्टुलावर अप्पा, चष्मा पुसत.

"हे लाल काय आलं? दाबू नको उगी," ते म्हणत होते.

"अप्पा, तुमी गप बसा बरं. ते चुकलेलं उत्तर हाय."

"चुकलं?" अप्पा स्क्रीनकडे वाकले. "बरं. मग आता कसं करायचं, मलाबी सांग."