अवदल्लाची चौकशी

उस्ता अवदल्ला फतीर बनवायचा, म्हणजे पदरांची तुपाळ रोटी. कणकेचा गोळा हवेत भिरकावून चादरीएवढा पातळ करायचा, तूप लावून घड्या घालायचा आणि भट्टीत सारायचा. आमच्या दमनहूर गावच्या बाजारात असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून तो उस्ता. तोंड मात्र फटकळ. गिऱ्हाईकाने घाई केली की फतीरआधी शिवी मिळायची.

अशा या गृहस्थाच्या डोक्यात कुवेत शिरलं. तिथल्या एका हॉटेलाला फतीरवाला हवा होता आणि माणूस निवडायचं काम होतं स्टेशनजवळच्या वगदीकडे. आसपासची माणसं हेरून आखातात धाडायची, हा वगदीचा धंदा. अवदल्लाने त्याच्यासमोर फतीर केला. वगदीने तो एकट्याने संपवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "हात पास. आता बाकीचं बघतो."

बाकीचं म्हणजे काय, हे अवदल्लाने विचारलंच नाही. घरी येऊन तोंडाला कुलूप लावलं. आमच्या गल्लीत परदेशी जाणारा माणूस विमानात बसेपर्यंत अवाक्षर काढत नाही, नजर लागते. शिंप्याच्या सुब्हीने दोहाला जायचं ठरलं म्हणून सरबत वाटलं आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यावरून गडगडत पाय मोडून घेतला. अवदल्लाने तर बायकोलाही सांगितलं नाही. इन्शिराहच्या कानावर पडलेली गोष्ट चहाला उकळी यायच्या आत तळमजल्यावर पोचते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण इन्शिराहला डोळेही होते. नवऱ्याने नवा शर्ट आणला. मिशा काळ्या केल्या, कारण वगदीने बजावलं होतं की फोटोत आजोबा दिसू नकोस. मग एके दिवशी स्वारी दंडावर कापूस चिकटवून आली. रक्त तपासलं होतं. आता कुवेतला जायला रक्त तपासावं लागतं, तसं आमच्याकडे लग्न लावायलाही लागतं! इन्शिराह खाली जाऊन उम्म हमादापाशी रडली.

उम्म हमादा, म्हणजे हमादाची आई, आमच्या कोपऱ्यावर पालेभाजी विकते. गुरुवारी तिच्यासमोरच्या कॉफीहाऊसात एक अनोळखी माणूस येऊन बसला. इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट, अत्तराचा घमघमाट. तो वगदी होता. त्याने चहा मागवला आणि हळूच विचारलं, "खाला, उस्ता अवदल्ला इथेच राहतो ना? माणूस कसा आहे?"

"का हो? तुमचं काय नातं?"

"अजून काही नाही. जुळलं तर जुळेल." दुसऱ्या दलालांना सुगावा लागू नये म्हणून वगदी मोघम हसला.

झालं! नटूनथटून आलेला परका माणूस गल्लीत बसून एखाद्याची चौकशी करतो, तेव्हा तो मुलीचा मामा नाहीतर भाऊ असतो. जावई आमच्याकडे असाच पारखतात. उम्म हमादाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: मेला दुसरी करतोय!

"स्वभावाने कसा?"

"देव शत्रूलाही देऊ नये असा."

"व्यसन?"

"कुठलं नाही ते विचारा."

शेजारून फर्घली न्हाव्याने वस्तरा थांबवला. इन्शिराह त्याची मानलेली बहीण. "आणि खोकला सांगा की! रात्री हा खोकला की मांजरं गल्ली सोडून जातात."

वगदीचा चहा निवत चालला. "पण जिथे जाईल तिथे टिकेल ना?"

"टिकेल? अहो, त्याला रोज शोधून आणावं लागतं!" उम्म हमादा म्हणाली.

वगदी अर्धा चहा टाकून गेला.

शनिवारी अवदल्ला वगदीच्या कचेरीत गेला, तर व्यसनी, खोकल्याने मांजरं पळवणारा माणूस नको म्हणून वगदीने नकार दिला. तो पार गोंधळूनच परतला. आपण व्यसनी कधी झालो? मांजरं कुठली? कुणाशी बोलावं हे कळेना, म्हणून घरी आला, तर इन्शिराह माहेरी जायला गाठोडं बांधत होती.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"तीच, जिच्यासाठी मिशा रंगवल्यास!"

"अगं, कुवेत! कुवेतसाठी!"

"कुवेतची आहे? इतक्या लांबची? इथल्या बायका मेल्या होत्या?"

ती कुवेतची नाही, मुळात ती नाहीच, हे पटवता पटवता अवदल्लाचा घसा बसला. पटल्यावर इन्शिराहने कपाळ बडवून घेतलं आणि खिडकीतून अशी हाक मारली की सगळी गल्ली गोळा झाली.

मग सगळे वगदीच्या दारात. उम्म हमादा म्हणाली, "साहेब, हा माणूस म्हणजे मध!" फर्घली म्हणाला, "आयुष्यात शिंकलासुद्धा नाही."

वगदीने डोकं धरलं. "गुरुवारी सैतान होता, आज फरिश्ता. मी कुठल्या दिवसाचं खरं धरू? उद्या हा तिथून पळाला तर हॉटेलवाला माझी मान धरेल!"

अवदल्लाने आशेने बायकोकडे पाहिलं.

इन्शिराह म्हणाली, "स्वभावाचं गुरुवारचं धरा. बाकी सगळं खोटं. घोरतो, ओरडतो, मीठ कमी पडलं तर ताट सरकवतो. पण लग्न झाल्यापासून एकदाही भट्टी थंड ठेवून घरी बसला नाही. ताप असला तरी गेला. पळणारा असता तर माझ्यापासूनच नसता पळाला?"

वगदी मोठ्याने हसला. "या बाई खरं बोलतात. पासपोर्ट आण."

गल्ली टाळ्या वाजवत जिना उतरली. अवदल्ला मागे राहिला, पायरीवर थबकला आणि न्हाव्याला हळूच म्हणाला, "फर्घली, ती माझं कौतुक करत होती की काय?"

"ते मला विचारू नकोस," फर्घली म्हणाला. "आधी घरी जाऊन मीठ न बघता मुकाट्याने जेव."