मधली खुर्ची

समजा, तुम्हाला एका खोलीत एकच खुर्ची मांडायची आहे. समोर माणसाएवढ्या उंचीच्या दोन जाळीदार चौकटी उभ्या आहेत, पडद्यासारख्या सपाट. त्या वाजतात. खुर्ची बरोबर मधोमध पडली, की गाणारी बाई दोन्ही चौकटींच्या मध्ये, रिकाम्या भिंतीपुढं उभी राहते. खुर्ची चार बोटं डावीकडे सरकवा, ती बाई लगेच डाव्या चौकटीत जाऊन बसते. खोलीत नेमकी जागा ही एवढीच, आणि तिथं एकच माणूस मावतो. सुतळी घ्या, दोन्हीकडून माप घ्या, खुर्ची मांडा. मांडली? आता असं समजा, की त्या खुर्चीत रोज तुमचे वडील येऊन बसतात आणि घर तुमचं नाही.

जानेफळच्या ज्ञानेश्वर साउंडवाल्याचं गेल्या दीड वर्षापासूनचं दुखणं हेच आहे.

मी त्याला ज्ञानूकाका म्हणते. पहिलं सोल्डरिंग मी त्याच्याच दुकानात शिकले. पुढं इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली, आता पुण्याला नोकरी करते. पण गावी आले की त्याच्या दुकानात एक चक्कर ठरलेली. मेहकर तालुक्यात लग्न असो, जयंती असो, सप्ताह असो, त्याचा सेट ठरलेला. तो मीटर वापरत नाही. मंडपात मधोमध उभा राहतो, एक टाळी वाजवतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "डावा डब्बा हातभर मागं घ्या." डबा, म्हणजे स्पीकर, मागं घेतला की आवाज खरंच सुधारतो. मी पदवीत शिकलेलं सगळं गणित त्याच्या त्या एका टाळीत असतं, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

त्याच्या वडिलांना मात्र ते कधीच कळलं नाही, असं त्याचं म्हणणं. भगवानराव एक्याऐंशीचे. पाच एकर शेती करता करता पन्नास वर्षं गावच्या भजनी मंडळात त्यांनी पखवाज वाजवला. हात थरथरायला लागले तेव्हा एके दिवशी पखवाजाला खोळ घातली आणि खुंटीला टांगला. मुलाचा सेट वरातीबरोबर घरावरून जायला लागला, की म्हातारा दोन्ही कानांवर हात ठेवून मागच्या दारी निघून जातो. तीस वर्षांत "बरं वाजते" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी नीळकंठ सर निवृत्त होऊन गावात परत आले. ते कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. नाशिकच्या कोणा रसिकाचं घर मोडत होतं, तिथून त्यांनी त्या दोन चौकटी, म्हणजे जुने इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, घेतले आणि गोधड्यांत गुंडाळून टेंपोतून उभेच्या उभे आणले. टेंपोतून उतरवून घ्यायला ज्ञानूकाकाच गेला होता.

"सर, यात मॅग्नेट कुठं हाय? वजनच नाही."

"मॅग्नेट नाहीच. दोन जाळीच्या पत्र्यांमध्ये केसाहून पातळ फिल्म ताणलेली आहे, बस."

"मंग वाजते काय, हवा?"

"हवाच वाजते रे. तुझ्या डब्यातही शेवटी हवाच वाजते."

त्या फिल्मला काही हजार व्होल्टचा विद्युतभार दिलेला असतो. गाण्याचा सिग्नल दोन्ही पत्र्यांना मिळाला, की ते तिला एकदा पुढं, एकदा मागं ओढतात. कागदी कोनासारखा जड भाग नाही, लाकडी खोका नाही. त्यामुळे बारीकातला बारीक आवाज सुटत नाही. उलट बाजूनं, मोठा आवाज त्यांना झेपत नाही. ज्ञानूकाकानं तेवढंच धरून ठेवलं. पानटपरीवर तो म्हणायचा, "वरातीत लावून दाखवा म्हना सराले. पहिल्याच गान्याले फाटतीन."

पुढच्या चैत्रात भगवानराव सरांकडे कैऱ्या द्यायला गेले. आत एका जुन्या मैफलीतला पखवाज लागला होता. म्हातारा पिशवी हातात धरून दारातच थांबला. सरांनी त्यांना हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूच्या दिवाणावर जाऊन बसले. त्या दिवसापासून रोज तीन ते पाच भगवानराव तिथं. ऊन असो, पाऊस असो, टोपी घालून निघाले की घरात सगळ्यांना कळायचं कुठं चालले.

"दोन दरवाजे उभे केले अन् माहा बाप पळवला," ज्ञानूकाका मला म्हणाला. हसत म्हणाला, पण तेव्हा तो सोल्डर करत होता आणि नीट असलेला जोड त्यानं दोनदा उकलून पुन्हा केला.

शेवटी तो एकदा ऐकायला गेलाच. बोलावलं नव्हतं, सरांच्या स्वयंपाकघरातला मिक्सर दुरुस्त करून द्यायचं निमित्त काढलं. वडील खुर्चीत, सर दिवाणावर, हा खुर्चीच्या मागं उभा. पखवाज चालू होता. भगवानरावांनी मान न वळवता हात वर केला.

"ज्ञान्या, ऐकू आलं का? कनीक ताजी हाय त्याची."

पखवाजाच्या डाव्या अंगाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, तिच्यानं तो खर्ज येतो. कणीक सुकत चालली की आवाज बदलतो. कोण जाणे कधी वाजलेल्या त्या पखवाजावरची कणीक ताजी आहे, हे म्हाताऱ्याला जानेफळात बसून ऐकू येत होतं. आणि ज्ञानूकाकालाही आलं. हेच त्याला सोसलं नाही. दुकानात येऊन त्यानं तीच ध्वनिफीत आपल्या सगळ्यात चांगल्या डब्यांवर लावली, टाळ्या वाजवून वाजवून डबे हलवले, कणीक काही ऐकू आली नाही. धप् धप् आवाज आला फक्त.

"मले वाटे, ते यंत्र खोटं असन तर बरं होईन," तो मला पुढं म्हणाला. "खोटं असतं तं बापाले भुललेला म्हनता आलं असतं."

मग दसरा आला. ज्ञानूकाकाच्या दुकानात दसऱ्याची पूजा पाहण्यासारखी असते. प्रत्येक डबा, प्रत्येक मशीन, केबलची वेटोळी, अगदी टेस्टरसुद्धा पुसून मांडतो. पाणी शिंपडतो, हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. सर त्या दिवशी मेहकरला गेले होते. सुलभाकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, आपल्या घराच्या दारातून हाक मारली.

"ज्ञानेश्वर, आमच्याही त्या दोघांना हात लाव बाबा. ह्यांना कुठलं सुचतं हे."

"सरायले चालन का?"

"टिळा लावला तरी पुरे."

टिळ्यावर त्याचं भागलं नाही. आपल्या डब्यांना जेवढं केलं त्याच्या दुप्पट त्यानं तिथं केलं. काकूंसमोर हात आखडता दिसू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. उजव्या चौकटीला टिळा आणि हार. डाव्या चौकटीवर आधी पाणी शिंपडलं, मग हळद-कुंकवाची मूठ उधळली. अँप्लिफायर बंद होता हे त्यानं पाहून घेतलं होतं. त्याच्या धंद्यात अँप्लिफायर बंद म्हणजे डबा मेला. पण या स्पीकरची स्वतःची वायर भिंतीतल्या बोर्डाला असते, आणि सर ती कधीच काढत नाहीत; फिल्म रात्रंदिवस भारलेली असते. फुगा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की काय होतं, ते आपण शाळेत पाहिलेलं आहे. तसंच झालं. खाली पडायची ती पूड जाळीच्या भोकांतून आत ओढली गेली. आत ओलावा होताच. चट् चट् असा आवाज झाला, जळका वास आला.

काकू म्हणाल्या, "अगंबाई, देवच बोलला."

ज्ञानूकाकाला कळलं होतं, देव नाही बोलला. त्यानं वायर उपटली आणि मला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याहून पोचले, तेव्हा सर परत आलेले होते. डाव्या चौकटीपुढं कमरेवर हात ठेवून उभे. ज्ञानूकाका दाराशी, चप्पल न काढता. सर इतकंच म्हणाले, "पूजा मनापासून केलीस रे."

तीन वाजता भगवानराव आले. सरांनी त्यांना सांगितलं, "ओलावा धरलाय, आठ दिवस लागतील." ज्ञानूकाकाचं नाव घेतलं नाही. त्यामुळे ज्ञानूकाका जास्तच पेटला. बाहेर येऊन मला म्हणाला, "पाह्यलं का? चांगुलपनातबी हाच पुढं. दोन शिव्या देल्ल्या असत्या तं मी मोकळा झालो असतो."

मी चौकट उघडली. भार पूर्ण उतरेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. फिल्म दोन ठिकाणी जळून तिला भोकं पडली होती आणि मधोमध कुंकवाचा एक लाल ढग चिकटलेला. नवी फिल्म बसवायलाच हवी होती. ती मी पुण्याहून मागवली. पत्रे धुतले, वाळवले, फिल्मनं भार धरावा म्हणून तिच्यावर कापसानं ग्राफाइट घासलं. आता ताणायची. पुस्तकात ताण किती हवा त्याचा आकडा आहे. पण तो मोजायचं साधन माझ्याजवळ नव्हतं.

ज्ञानूकाका पुढं झाला. "सरक. हे मले येते."

लहानपणी पखवाजाचे गठ्ठे ठोकायचं काम त्याच्याकडं असायचं. चामड्याच्या वादीखाली लाकडाचे ठोकळे असतात. हातोडीनं ते सरकवले की पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ताणली जाते, स्वर चढतो. भजनाला निघण्याआधी भगवानराव त्याला बसवायचे आणि रोज एकच बोलणं ऐकवायचे, "चढं लावलं बे ज्ञान्या. उतरव." त्याच हातानं तो आता फिल्मच्या कडा चिकटपट्टीवर ओढत होता, नखानं टिचकी मारत होता, कान लावत होता. कडा बसल्यावर केस वाळवायच्या मशीनची गरम हवा फिरवत सुरकुत्या काढल्या. पुन्हा टिचकी. दीड तास हेच चाललं. मी उजव्या चौकटीशी ताडून पाहिलं. डावी किंचित जास्त ताणलेली वाटली. पण इतकी कमी, की मी सोडून दिलं.

आठव्या दिवशी तीन वाजता भगवानराव टोपी घालून आले आणि खुर्चीत बसले. सर दिवाणावर. मी आणि ज्ञानूकाका दाराच्या आत, भिंतीला टेकून. तोच पखवाज लागला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. माझ्या शेजारी ज्ञानूकाका डाव्या चौकटीवरून नजर हलवेना. त्या फिल्मवर त्याची तीस वर्षं ताणून बसवलेली होती.

वादन संपलं. भगवानराव म्हणाले, "बरं वाजते."

ते म्हणाले सरांकडं पाहून. सर काही बोलायला तोंड उघडणार, तोच ज्ञानूकाकानं म्हाताऱ्याच्या मागून जोरात नकारार्थी मान हलवली. कोणी बसवलं ते सांगितलं, की कोणी बिघडवलं तेही सांगावं लागणार. सरांनी म्हाताऱ्याकडं पाहून नुसती मान डोलावली. तीस वर्षं वाट पाहिलेले दोन शब्द दुसऱ्याच्या पदरात पडले, आणि ज्ञानूकाकाला ते मागताही येईनात.

भगवानराव काठी टेकत उठले. दाराशी येईपर्यंत दोनदा थांबले. मुलाजवळून जाताना त्याच्याकडं न पाहता, जसं जमिनीलाच सांगावं तसं म्हणाले, "डावं जरा चढं लागलं," आणि चप्पल पायात सरकवून घराकडं चालू लागले.

त्याला आता वर्ष होत आलं. मधली खुर्ची अजून म्हाताऱ्याचीच आहे. ज्ञानूकाका अजूनही पानटपरीवर वरातीची गोष्ट काढतो, सरांच्या चांगुलपणावर चिडतो, आणि तीन वाजता कुठलंही काम हातात असलं तरी एकदा रस्त्याकडं पाहतोच. मध्ये एकदा मी म्हटलं, सांगून टाक ना घरी. म्हणाला, "काय सांगू? कुंकू मी टाकलं, हे पहिलं सांगू का फिल्म मी ताणली, हे पहिलं?"

परवा मी पुण्याला परत निघाले, तर बसस्टँडवर सोडायला आला. गाडी लागली. बॅग वर चढवून दिली आणि खिडकीखाली उभा राहिला. गाडी हलली तरी खिडकीची दांडी सोडेना.

"पूनम, तुले काय वाटते? 'चढं लागलं' म्हने. ते कोनाले म्हने वं? बापाले कळलं असन का, ताननारा मी व्हतो ते?"